२६ नोव्हेंबरचा फळा: दिनविशेषाची नोंद तपासावी कशी?

नागपुरातील एका शाळेच्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या शाळेत परिपाठाच्या वेळी रोज दिनविशेष वाचला जातो आणि दर्शनी फळ्यावर लिहिलाही जातो. यंदा ही जबाबदारी माझ्याकडे आहे. २६ नोव्हेंबरसाठी मी तीन याद्या पाहिल्या. एकीत 'संविधान लागू झाले', दुसरीत 'संविधानावर सह्या झाल्या' आणि तिसरीत 'संविधान स्वीकारले' असे आहे. सीताबर्डीच्या लढाईची तारीख कुठे २६ तर कुठे २७ दिली आहे. खरे कोणते ते कसे ठरवावे आणि फळ्यावर नेमके काय लिहावे?"

मॅडम, नागपूरच्या एका दैनिकात दिनविशेषाचे सदर मी अठ्ठावीस वर्षे सांभाळले, त्यामुळे आपली अडचण मला चांगलीच ओळखीची आहे. तिन्ही याद्या २६ नोव्हेंबर हीच तारीख देतात. त्यांचे भांडण आहे ते त्या तारखेला नेमके काय झाले याबद्दल, म्हणजे वाक्याच्या शेवटी येणाऱ्या क्रियापदाबद्दल. माझ्या अनुभवात दिनविशेषातल्या बहुतेक चुका अंकांत नसून क्रियापदात असतात आणि अंकांकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला त्या दिसत नाहीत.

मलाही दिसली नव्हती. सदर हाती आल्याच्या दुसऱ्याच वर्षी मी "२६ नोव्हेंबर १९४९ – भारताचे संविधान अमलात आले" असे छापून मोकळा झालो. त्या दिवशी अकराच्या सुमारास एक निवृत्त पोस्टमास्तर सायकलने कचेरीत आले, मफलर सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि खिशातून कात्रण काढून माझ्या टेबलावर ठेवले. तांबड्या पेन्सिलीची रेघ तारखेखाली नव्हती, "अमलात आले" या दोन शब्दांखाली होती. उद्देशिकेचा शेवट त्यांनी उभ्याउभ्याच पाठ म्हणून दाखवला आणि म्हणाले, "तारीख बरोबर हाये जी, काम चुकलं." त्या दिवसापासून मी प्रत्येक नोंदीसाठी एक कार्ड ठेवू लागलो. कार्डावर तीन रकाने असत: काय, कोणत्या क्रियापदाने आणि कशावरून. बुटांच्या रिकाम्या खोक्यांत लावलेली ती कार्डे आजही माझ्याकडे आहेत आणि मधल्या रकान्यात जितकी खाडाखोड आहे तितकी दुसऱ्या कोणत्याही रकान्यात नाही.

आता संविधानाकडे येतो, कारण आपल्या तिन्ही याद्यांमधील गोंधळाचे मूळ येथेच आहे. संविधानसभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुदा सभेपुढे मांडला तो ४ नोव्हेंबर १९४८ रोजी. चर्चा आणि दुरुस्त्या पार पडल्यावर २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, शनिवारी, सभेने संविधान स्वीकारले. त्यासाठी शब्द शोधायला कुठे जावे लागत नाही, कारण तो उद्देशिकेतच तारखेला लागून आला आहे. "अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण" करण्याची ती तारीख आहे. आपल्या देशाच्या इतिहासातील फार थोड्या घटनांना असे भाग्य लाभले आहे की घटनेची तारीख आणि तिचे क्रियापद दोन्ही मूळ दस्तऐवजाच्या पहिल्याच पानावर सापडावे.

सह्या झाल्या त्या नंतर, २४ जानेवारी १९५० रोजी. त्या दिवशी सभेच्या २८४ सदस्यांनी संविधानावर स्वाक्षऱ्या केल्या. म्हणून आपली दुसरी यादी तारखेच्या बाबतीत दोन महिने चुकली आहे. संविधान पूर्णपणे अमलात आले ते २६ जानेवारी १९५० रोजी. हा दिवस मुद्दाम निवडला होता, कारण १९३० साली याच तारखेला देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती. येथे एक बारीक कंगोरा आहे आणि तो मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३९४ नुसार नागरिकत्वाचे आणि निवडणूक आयोगाचे अनुच्छेद, तसेच आणखी काही मोजकी कलमे २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच अमलात आली. म्हणजे "लागू झाले" म्हणणारी पहिली यादी अगदी ठार खोटी आहे असेही म्हणता येत नाही. ती एका छोट्या भागापुरती खरी आणि संपूर्ण संविधानाच्या दृष्टीने चूक आहे. परिपाठात हा कंगोरा आणू नये, मुले गोंधळतील. मात्र नववी-दहावीच्या वर्गात तो आवर्जून सांगावा.

याच दिवसाच्या नोंदीत आणखी दोन चुका हमखास डोकावतात. पहिली म्हणजे बाबासाहेबांचे समारोपाचे गाजलेले भाषण २६ नोव्हेंबरचे म्हणून दिले जाते. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा अंतर्विरोधाच्या जीवनात आपण प्रवेश करणार आहोत, हा इशारा ज्या भाषणात आहे ते त्यांनी आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबरला केले. दुसरी चूक दिवसांच्या मोजणीची आहे. "२ वर्षे, ११ महिने आणि १८ दिवस" हा आकडा बहुतेक मुलांना पाठ असतो, तर बाबासाहेबांनी त्या भाषणात १७ दिवस म्हटले आहेत. यात कोणी खोटे बोलत नाही. ९ डिसेंबरपासून २६ नोव्हेंबरपर्यंत पहिला दिवस सोडून मोजले तर १७ होतात आणि धरून मोजले तर १८. गणिताच्या तासाला हे मुलांकडूनच बोटांवर मोजून घेतले तर तो आकडा त्यांना कायमचा समजेल.

संविधान दिन म्हणून २६ नोव्हेंबर पाळण्याची अधिसूचना केंद्र सरकारने २०१५ साली काढली. तेव्हा "१९४९ पासून संविधान दिन साजरा होतो" असे कुठे दिसले तर ते गाळावे.

आता सीताबर्डी. ही नोंद मी नेहमी जास्त वेळ घेऊन लिहिली, कारण ती आपल्या गावाची आहे आणि गावाच्याच नोंदीत चूक झाली तर वाचक सोडत नाहीत. १८१७ साली दुसरे बाजीराव पेशवे आणि कंपनी सरकार यांच्यात तिसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटले. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. नागपुरात मुधोजी भोसले म्हणजे आप्पासाहेब गादीवर होते आणि कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातील प्रतिनिधी, रिचर्ड जेंकिन्स हा होता. आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेला मानाचा पोशाख आणि पद भर दरबारात स्वीकारले, तेव्हा रेसिडेंटाने त्याचा अर्थ ओळखला आणि लेफ्टनंट कर्नल हॉपटन स्कॉट याच्या हाताखालची फौज सीताबर्डीच्या टेकड्यांवर आणली. टेकड्या दोन आहेत, मोठी आणि छोटी, आणि त्यांच्यामध्ये जमीन थोडी चिंचोळी होते. आज बर्डीवर उभे राहून गर्दीतून वर पाहिले तर हा उंचसखलपणा चटकन ध्यानात येत नाही, पण लढाईचा सारा डाव त्या छोट्या टेकडीवर फिरला.

तोफा आणि बंदुकांची सुरुवात २६ नोव्हेंबरच्या, बुधवारच्या, संध्याकाळी झाली. मारा रात्रभर कमी-अधिक होत राहिला. २७ च्या सकाळी भोसल्यांकडील अरब सैनिकांनी छोटी टेकडी सर केली आणि तेथून मोठीवर मारा सुरू केला. कंपनीची बाजू तेव्हा अगदी टेकीला आली होती. त्यानंतर बंगाल घोडदळाच्या कॅप्टन फिट्झजेराल्ड याने खाली मैदानात घातलेला छापा आणि छोटी टेकडी परत घेण्यासाठी झालेला हल्ला यांनी चित्र पालटले. दुपारपर्यंत भोसल्यांची फौज मागे हटली. सगळे मिळून सुमारे अठरा तासांची ही लढाई होती आणि त्या अठरा तासांत मध्यरात्र येते. म्हणून एका यादीत २६ आणि दुसरीत २७ असे दिसते.

अशा वेळी दोन्हीपैकी एक तारीख निवडण्याच्या मोहात पडू नये. २६ च्या फळ्यावर "लढाईला तोंड लागले" असे लिहावे आणि २७ च्या फळ्यावर "लढाई संपली, कंपनीची सरशी झाली" असे लिहावे. क्रियापद बदलले की दोन्ही तारखा आपोआप खऱ्या होतात. "सीताबर्डीच्या लढाईने नागपूर इंग्रजांच्या ताब्यात गेले" हे वाक्यही टाळावे. कंपनीची मदतीची फौज पोहोचल्यावर नागपूर शहराजवळ १६ डिसेंबरला आणखी एक लढाई झाली. राज्य खालसा झाले ते त्यानंतर साडेतीन दशकांनी: तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले आणि खालसा करण्याची कारवाई १८५४ साली झाली. येथेही काही याद्या मृत्यूची तारीखच "राज्य खालसा झाले" म्हणून देतात. राजा वारला आणि राज्य गेले ही दोन वेगळी क्रियापदे आहेत, मधे तीन महिन्यांचा पत्रव्यवहार आहे.

मध्यरात्रीचा हाच पेच २००८ च्या २६ नोव्हेंबरलाही आहे. मुंबईवरील दहशतवादी हल्ला बुधवारी रात्री सुरू झाला आणि ताजमहाल हॉटेलमधील कारवाई २९ नोव्हेंबरच्या सकाळी संपली. या हल्ल्यात १६६ जणांचा जीव गेला. फळ्यावर "हल्ला झाला" असे लिहिले तरी चालते, पण "हल्ला सुरू झाला" हे अधिक काटेकोर आहे. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे यांचे नाव नागपूरच्या शाळेने घ्यावेच, कारण आपल्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. व्हीएनआयटी म्हटले की मुलांच्या चेहऱ्यावर लगेच ओळख उमटते, ती नुसत्या पदाच्या नावाने उमटत नाही. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबला धरून ठेवले तोपर्यंत मध्यरात्र उलटून गेली होती. त्यामुळे त्यांच्या बलिदानाची तारीख २७ येते. वर्तमानपत्रे आणि याद्या ते सर्रास २६ मध्येच देतात, कारण "सव्वीस अकरा" हे आता त्या संपूर्ण घटनेचे नावच झाले आहे. नाव वेगळे आणि तारीख वेगळी, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

मध्यरात्रीला दिवस बदलतो हा हिशोब मुळात आपल्याकडचा नव्हे. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. शिवराज्याभिषेकाच्या नोंदीत हे फार सुंदर दिसते. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडील घटनांची सनावळी, ही नोंद ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार अशी देते आणि तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले असे सांगते. एक घटका म्हणजे २४ मिनिटे, तेव्हा सूर्य उगवायला तासाभराहून थोडा अधिक वेळ होता. त्या काळच्या माणसाच्या दृष्टीने अजून शुक्रवारच चालू होता. इंग्रजी हिशोबाने मात्र मध्यरात्र होऊन शनिवार, ६ जून १६७४ लागला होता. एकच क्षण आणि दोन वार, आणि दोन्ही बरोबर. तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला आणि तारखेने ६ जूनला असे दोन सोहळे रायगडावर होतात, त्यामागचा गुंता मुलांना एवढ्यावरून समजावून सांगता येतो.

वाराचा उपयोग तपासणीसाठी मी फार केला. जुन्या नोंदींत तिथीबरोबर बहुधा वार असतो आणि वार जुळला नाही तर तारीख चुकली आहे हे लगेच कळते. हल्ली फोनमधील कॅलेंडर मागे सरकवून कोणालाही वार पाहता येतो. फक्त एक खबरदारी घ्यावी. १७५२ पूर्वीच्या इंग्रजी कागदपत्रांतील तारखा जुन्या, ज्युलियन, पद्धतीच्या असतात. इंग्लंडने नवी पद्धत घेतली तेव्हा २ सप्टेंबर १७५२ नंतरचा दिवस १४ सप्टेंबर म्हणून मोजला गेला. आपल्याकडे शिवकाळाच्या तारखा इतिहासकारांनी जुन्याच पद्धतीत रूढ केल्या आहेत. शिवजन्माची शासनमान्य तारीख १९ फेब्रुवारी १६३० आहे, तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ आणि वार शुक्रवार. ही तारीख फोनमध्ये पाहिली तर मंगळवार दिसतो. याचा अर्थ तारीख खोटी असा नाही. फोन नव्या पद्धतीने मोजतो आणि त्या शतकात दोन्ही पद्धतींत दहा दिवसांचे अंतर होते. दहा दिवस पुढे, १ मार्च १६३० ला, फोनवर बरोबर शुक्रवार सापडतो. माझ्या एका तरुण सहकाऱ्याने हे न कळल्याने शिवजयंतीच्या अंकासाठी मोठा "शोधलेख" लिहून आणला होता, तो सुदैवाने छपाईला गेला नाही.

सीताबर्डीची लढाई १७५२ नंतरची असल्याने तिला ही अडचण नाही. २६ नोव्हेंबर १८१७ ला फोनवर बुधवार दिसेल आणि तो बरोबर आहे. योगायोगाने २००८ चा २६ नोव्हेंबरही बुधवारच होता.

वाराने सगळेच सुटते असे मात्र नाही, कधी सणाची मदत घ्यावी लागते आणि कधी सणच फसवतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली म्हणून "संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत आली" असे वाक्य दरवर्षी कोणीतरी लिहितेच. वाक्य चटकदार आहे, पण संक्रांत कायम १४ जानेवारीला येत नाही. ती दर सत्तर-बहात्तर वर्षांनी साधारण एका दिवसाने पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी संक्रांत होती. त्याच्याही शंभर वर्षे आधी ती अर्थातच आणखी आधीच्या तारखेला पडत होती. पानिपतच्या दिवशी तिथी पौष शुद्ध अष्टमी होती आणि त्या वर्षीची संक्रांत आधीच होऊन गेली होती.

नागपूरपुरते सांगायचे तर तिथी आणि तारीख यांचा मेळ १४ ऑक्टोबरला लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, रविवारी, विजयादशमी होती आणि त्या दिवशी बाबासाहेबांनी येथे धम्मदीक्षा घेतली. दीक्षाभूमीवर मुख्य गर्दी दसऱ्याला होते, तर १४ ऑक्टोबरही वेगळा पाळला जातो. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापनाही नागपुरात विजयादशमीचीच, पण ती १९२५ सालची आणि त्या वर्षी दसरा २७ सप्टेंबरला होता. मुलांनी विचारले की "मॅडम, दोन्ही एकाच दिवशी कसे?" तर उत्तर असे की तिथी एक आहे, तारखा दोन आहेत आणि मधे एकतीस वर्षे आहेत.

आपण याद्या तीन पाहिल्या हे चांगले केले, परंतु तीन याद्या म्हणजे तीन साक्षीदार नव्हेत. बहुतेक याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि चुकीची नोंद शंभर ठिकाणी दिसली म्हणून ती बरोबर ठरत नाही. सीताबर्डीच्या किल्ल्याबद्दल असेच एक वाक्य सगळीकडे फिरते: महात्मा गांधींना १० एप्रिल ते १५ मे १९२३ या काळात तेथे कैदेत ठेवले होते. वाक्यात सुरुवातीचा आणि शेवटचा दिवस असल्याने ते फार विश्वासार्ह वाटते. पण गांधीजींना १८ मार्च १९२२ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांना येरवड्याच्या तुरुंगात नेले आणि तेथूनच १९२४ च्या जानेवारीत शस्त्रक्रियेसाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवले. ५ फेब्रुवारी १९२४ ला त्यांची सुटका झाली. १९२३ च्या उन्हाळ्यात ते येरवड्यात शिक्षा भोगत होते. त्या वर्षी मे महिन्यापासून नागपुरात झेंडा सत्याग्रह पेटला होता आणि शेकडो सत्याग्रही तुरुंगात गेले होते. त्या गर्दीत गांधीजींचे नाव कसे शिरले असेल याचा अंदाज बांधता येतो, पण मी ती नोंद कधी घेतली नाही आणि आपणही घेऊ नये. नोंद तपासण्याचा सोपा मार्ग हाच: त्या माणसाचे त्या महिन्यातील इतर दिवस पाहावेत. माणूस एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही.

आता फळ्यावरील जागेचा प्रश्न. परिपाठात दिनविशेषाला दीड-दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ मिळत नाही, त्यामुळे चारपेक्षा जास्त नोंदी घेऊ नयेत. यादीतील वीस नोंदी घाईघाईने वाचल्या तर मुलांच्या हाती काहीच लागत नाही. २६ नोव्हेंबरला संविधान, सीताबर्डी आणि मुंबई या तीन नोंदी ठरलेल्याच आहेत. चौथी म्हणून मी वर्गीस कुरियन यांचा जन्म (१९२१, कोझिकोडे) घेत असे. आणंदच्या सहकारी दूध चळवळीला त्यांनी आकार दिला आणि त्यांच्या जन्मदिवशी २०१४ पासून राष्ट्रीय दुग्ध दिन पाळला जातो. घरी सकाळी पिशवीतून आलेले दूध सगळ्यांनीच पाहिलेले असते, म्हणून ही नोंद लहान मुलांना फार जवळची वाटते.

कधी जागा उरली तर इजिप्तमधील तुतनखामेनची कबर घ्यावी, पण येथेही क्रियापद सांभाळावे. कबरीच्या पायऱ्या हॉवर्ड कार्टरला सापडल्या त्या ४ नोव्हेंबर १९२२ रोजी. २६ नोव्हेंबरला त्याने आतील बंद दाराला भोक पाडून मेणबत्तीच्या उजेडात आत डोकावून पाहिले. ममी असलेली खोली उघडली गेली ती पुढच्या वर्षी फेब्रुवारीत. म्हणजे "सापडली", "डोकावला" आणि "उघडली" या तीन शब्दांच्या तीन तारखा आहेत आणि याद्यांत तिन्ही "शोध लागला" या एकाच गाठोड्यात बांधलेल्या असतात.

आपण विचारले नव्हते, पण क्रमाबद्दलही सांगतो, कारण संविधान दिनाचा उत्साह आणि मुंबईच्या हल्ल्याचे दुःख एकाच परिपाठात कसे आणावे हा पेच शाळांत दरवर्षी पडतो. मी सनावळीने जावे असे सुचवीन. १८१७, १९२१, १९४९, २००८ असा क्रम लावला की कोणाला आधी आणि कोणाला नंतर हा वादच उरत नाही. उद्देशिकेचे सामूहिक वाचन १९४९ च्या नोंदीनंतर घ्यावे आणि शेवटी २००८ च्या नोंदीनंतर मौन पाळावे. मौनानंतर पुन्हा टाळ्या किंवा घोषणा नकोत, मुलांना सरळ वर्गात पाठवावे.

फळ्यावरील मजकूर मी असा लिहिला असता:

१८१७ – नागपुरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात संध्याकाळी लढाईला तोंड लागले.

१९२१ – भारतातील सहकारी दूध चळवळीचे शिल्पकार वर्गीस कुरियन यांचा कोझिकोडे येथे जन्म झाला.

१९४९ – संविधानसभेने भारताचे संविधान अंगीकृत केले. (ते २६ जानेवारी १९५० पासून अमलात आले.)

२००८ – मुंबईवर दहशतवादी हल्ला सुरू झाला. नागपुरात अभियांत्रिकी शिकलेले हेमंत करकरे या हल्ल्यात शहीद झाले.

कंसातील वाक्य गाळू नये. ते मी त्या पोस्टमास्तरांच्या भेटीनंतर दरवर्षी छापत आलो. फळा पुसताना सीताबर्डीची ओळ तेवढी तशीच ठेवावी, कारण २७ ला तिच्याखाली "दुपारी लढाई संपली" एवढेच लिहायचे आहे आणि त्याच दिवशी तुकाराम ओंबळे यांचे नावही फळ्यावर यायचे आहे.